म्होरं पडलेली हाक

"चार दिवस तुम्हाला गळाच नाही असं समजा," अमृतराव म्हणाले, आणि प्रेमदास राठोडच्या हातातला कप बशीवर वाजला. मंडपातली बाकीची माणसं हसली. अमृतराव हे स्पर्धेचे मुख्य मार्शल, फौजेतून निवृत्त झालेले, आवाजात अजून परेड असलेले. बोलायचं नाही हे सांगायला एवढं बोलणारा माणूस पुण्यात दुसरा सापडला नसता. ते सांगत होते की गोल्फ हा शांततेचा खेळ आहे. खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की मार्शलनं दोन्ही हात वर करायचे. हात वर गेले की दोरीमागची माणसं जिथल्या तिथं थांबली पाहिजेत, खोकणाऱ्यानं खोकला गिळला पाहिजे. तोंडानं 'शांत राहा' म्हणणारा मार्शल हाच मुळात गोंगाट असतो. चेंडू लोकांत येऊन पडला तर त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, त्याला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही, आणि हेही न बोलता. इथं खेळणाऱ्यांची पोटं या खेळावर आहेत, हौशी मंडळी नव्हेत ही. प्रेमदासला सगळं समजत होतं. फक्त ते पहिलं वाक्य त्याच्या छातीत जाऊन बसलं होतं, कारण तीन आठवड्यांपूर्वी जवळजवळ तेच वाक्य त्यानं एका डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तिथं चार दिवसांची मुदत नव्हती.

डॉक्टरांनी ते गुलाबसिंगना सांगितलं होतं. गुलाबसिंग म्हणजे प्रेमदासचे वडील, हिंगोली जिल्ह्यात डोंगरकड्याच्या वरच्या अंगाला माळावर जो तांडा आहे त्याचे नायक. घसा बसला म्हणून त्यांनी दिवाळीपासून काढे घेतले, संक्रांतीपर्यंत आवाजाला करवतीची धार आली, तेव्हा प्रेमदासनं त्यांना पुण्याला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं खुर्ची पुढे ओढून सांगितलं की गाठ स्वरयंत्रावरच आहे, तेव्हा स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथून चालेल, जेवणखाण होईल, शेतात जाता येईल. बोलता येणार नाही. महिन्याभरात केलं तर माणूस हाती लागेल, नाही केलं तर पुढचा पाऊसकाळ काही दिसत नाही. गुलाबसिंगनी लाल पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं, डोक्यावर नीट बसवलं आणि म्हणाले, "पाय कापा म्हनाल तर देतो. हात देतो. गळा काई माझा एकट्याचा न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या पोराला, कुलदीपला, बरोबर घेऊन ते तांड्यावर परत गेले. गाडीत बसेपर्यंत प्रेमदास त्यांना एकच गोष्ट सांगत राहिला. बा, आवाजात काय एवढं ठेवलंय. आवाजावाचून माणसाचं काही अडत नाही.

पालथ्या घड्यावर पाणी. रोज संध्याकाळी प्रेमदास फोन लावायचा आणि रोज तेच. तसं पाहिलं तर तांड्यावर फोन नेला तो त्यानंच. टेलिफोन खात्यात तो ज्युनियर इंजिनियर, पुण्याला बदली होण्याआधी सात-आठ वर्षं हिंगोलीच्या एक्स्चेंजमध्ये होता, आणि तेव्हा शहाण्णव साली कय्युम नावाच्या लाइनमनला हाताशी धरून त्यानं माळावर खांब रोवून घेतले. पहिला फोन हिंगोलीहून लावला तेव्हा गुलाबसिंग रिसीव्हरमध्ये असे बोलले की एक्स्चेंजमध्ये प्रेमदासनं रिसीव्हर हातभर लांब धरला, आणि कय्युम म्हणाला, "साब, इनके लिए तार कायकू डाले? खिडकी खोल के रखते तो बी हो जाता." घरात सगळे गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचे, पण फोनवर गुलाबसिंग कधी मराठीशिवाय बोलले नाहीत. त्यांच्या मते सरकारी तारेतून सरकारी भाषाच नीट जाते. त्याच सरकारी भाषेत ते आता रोज सांगत होते, "नायकाचा निकाल तोंडानं निघते, प्रेमदास. लिवून दिला तर ते कोर्ट झालं. हातवारे करून दिला तर तमाशा झाला. दोन घरं भांडून येतेत, रातभर बसतेत, अन म्या काय त्याह्यला बोटं दावू?" प्रेमदास म्हणायचा, नायकी कुलदीपला द्या. ते म्हणायचे, द्यायची तवा देईन, गळ्याच्या मोबदल्यात काहून देऊ. मग याडी, म्हणजे प्रेमदासची आई नीलाबाई, फोन घ्यायची आणि काहीच बोलायची नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

या असल्या दिवसांत तो गोल्फच्या मैदानावर आला तो खांबावर चढणारी माणसं घेऊन. स्पर्धेसाठी, वर्तमानपत्रवाल्यांसाठी तात्पुरत्या फोनच्या तारा टाकायच्या होत्या. काम संपलं, आणि ताडमाड उंचीचा हा माणूस मंडपाच्या दांडीशी उभा राहून गवताकडे बघतोय हे पाहून अमृतरावांनी विचारलं होतं, माणसं कमी पडताहेत, चार दिवस मार्शल म्हणून उभे राहाल का? प्रेमदासनं हो म्हटलं. घरी बसून फोनकडे बघण्यापेक्षा बरं, एवढाच त्यात हेतू. पण आता, ते वाक्य ऐकल्यावर, हातातला कप त्यानं खाली ठेवला आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली. चार दिवस गळा नाही तर नाही. मैदानावरच नव्हे, घरी, रस्त्यात, दुकानात, कुठंच नाही. गुरुवार ते रविवार. त्यानंतर तो वडिलांना फोन लावील आणि सांगेल, बा, म्या राहून पाहिलं. काई अडलं न्हाई. डॉक्टरच्या शब्दाला गुलाबसिंग भीक घालत नव्हते, पण पोरानं अंगावर काढून पाहिलेल्या गोष्टीला ते नाही म्हणणार नाहीत, कारण हीच त्यांची निकाल देण्याची रीत होती. सांगोवांगी ते मोजत नसत. ज्यानं पाहिलं त्यानं बोलावं.

निताला त्यानं बुधवारी रात्री जेवताना हे सांगितलं. निता त्याची बायको, पुसदकडच्या तांड्यावरची, शाळेत शिकवणारी, त्याच्याहून बोलण्यात दसपट पटाईत. ती भाकरी मोडता मोडता थांबली. "अहो, तुम्ही एरवी तरी घरात कुठं बोलता?" ती म्हणाली. "उद्यापासून काय फरक पडणार ते तरी खुणेनं सांगा." पण मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. तिला खरं म्हणजे म्हणायचं होतं की हा हट्ट बापासारखाच आहे. ते तिच्या तोंडावर लिहिलेलं त्याला वाचता आलं.

तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. प्रेमदासचा आवाज गेला होता तो पंचवीस वर्षांपूर्वी नांदेडच्या वसतिगृहात. तोपर्यंत तोही गुलाबसिंगांचाच पोरगा होता. तांड्यावर एका घरातून दुसऱ्या घरात बोलायचं तर मधे ओढा, मधे पळसाची झाडं, मधे वारा. तिथं कुजबुजणाऱ्याला चोर समजतात. वसतिगृहात पहिल्याच दिवशी त्यानं मीठ मागितलं आणि भोजनगृहातली सगळी पोरं वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आला, डोंगर आला." एवढंच. फार वाईट काही म्हणालं नव्हतं, पण त्या दिवशीचं मीठ त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच. मग तो हळू बोलायला शिकला, मग आणखी हळू, मग लागेल तेवढंच. नोकरीत तर हा गुणच ठरला. वरिष्ठ म्हणत, राठोड शांत माणूस आहे, आणि त्याला त्याचा अभिमान वाटे. सोसायटीत त्याच्या घरातून कधी आवाज येत नाही असं शेजारणी निताला सांगत. म्हणजे तसं बघितलं तर ही परीक्षा त्यानं आधीच दिलेली होती, आता नुसतं गुणपत्रक घ्यायचं होतं. गुरुवारी सकाळी हाताला मार्शलची पिवळी पट्टी बांधताना, अडीअडचणीसाठी दिलेला वायरलेस कमरेला अडकवताना त्याला असं सोपं सोपं वाटत होतं.

त्याला अठरा होलांपैकी चौदावा होल दिला होता. मैदानाच्या अगदी मागच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीजवळ. भिंतीपलीकडे पडीक जमीन, बाभळी, कुणाचे तरी गोठे; वारा फिरला की शेणाचा वास दोरी ओलांडून त्या कापलेल्या, विंचरलेल्या हिरवळीवर यायचा आणि लोक रुमाल काढायचे. प्रेमदास तो वास पोट भरून घ्यायचा. माघ संपत आलेला, सकाळी गवतावर दव, दहा वाजता ऊन अंगावर. तांड्यावर आता हरभरा उपटत असतील, कुलदीपच्या तळहातांना आंब चढली असेल. खेळाडू येत. दोघं-तिघं, मागे पिशव्या वाहणारे, मागे लोक. प्रेमदास दोन्ही हात वर करी आणि मग ती गोष्ट घडे, जिची त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून चटक लागली. दोनशे-अडीचशे माणसं थांबत. चालणारा पाय उचललेला तिथंच राही. बाईच्या बांगड्या थांबत. कागदात गुंडाळलेलं काही खाणारा घास गालात धरून उभा राही. आणि हे सगळं त्याच्या दोन तळव्यांवर तोललेलं. चेंडू टक् करून वाजे, जाई, लोक सुस्कारा सोडत, तो हात खाली घेई. एक अक्षर नाही. बघा बा, तो मनात म्हणे. अडीचशे माणसं. तुमच्या अख्ख्या तांड्यात एवढी नाहीत.

गुरुवार असा गेला, शुक्रवारही. दुकानात त्यानं बोटानं साबण दाखवला, रिक्षावाल्याला हातानं वळणं दाखवली. हात दाखवून अवलक्षण नको म्हणतात, पण त्याला सगळीकडे लक्षणच दिसत होतं. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर घशात काहीतरी हलायचं, बंद कोठीत उंदीर हलावा तसं, आणि त्याला कारण नसताना हिंगोलीचं रेल्वे फाटक आठवायचं. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. हिंगोलीच्या बाजारातून गुलाबसिंगनी दोन गोऱ्हे घेतले होते आणि ते हाकत दोघं निघाले होते. फाटकाशी इंजिनाची शिट्टी झाली, एका गोऱ्ह्यानं दावं हिसडलं आणि तो रुळांच्या बाजूनं सुटला. लहानगा प्रेमदास त्याच्या मागे धावला. मागून त्याच्या डोक्यावरून वडिलांची हाक गेली. ती शब्द नव्हती. लांब, खालून वर जाणारी आणि शेवटाला तुटणारी. गोऱ्हा पुढचे पाय रोवून उभा राहिला. गाडी गेली. मग गुलाबसिंग चालत आले, घाई न करता, आणि गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून पोराला म्हणाले, जनावर पळालं तर मागं पळू नाही. मागं पळालं की ते आणखी पळते. हाक द्यायची, अन ती त्याच्या म्होरं पडली पाहिजे. मागं पडलेली हाक त्याला ढकलते, म्होरं पडलेली थांबवते. आमचे आजे-पणजे हजार हजार बैलांवर मीठ, धान्य घेऊन मुलूखभर फिरले, ते काय काठीच्या जोरावर फिरले काय? प्रेमदासनं त्या दिवसापासून माळावर ती हाक घोटली होती. नांदेडला गेला तेव्हा ती त्याच्या गळ्यात होती, आणि पुढे काय झालं तिचं ते त्याला माहीत नव्हतं. विचारही केला नव्हता कधी.

शनिवारी दुपारी चौदाव्या होलवर गर्दी जास्त होती. पुढे असलेला एक खेळाडू, सडसडीत, पांढरी टोपी, सगळे त्याच्याच मागून आलेले. त्याचा चेंडू हिरवळीवर भोकापासून चार-पाच हातांवर. तो वाकला, उठला, चेंडूच्या मागे बसून जमिनीचा उतार बघितला, पुन्हा उठला. प्रेमदासनं हात वर केले. सगळं थांबलं. बाभळीवरचा होला पक्षी तेवढा घुमत होता, त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि त्याच वेळी प्रेमदासला डोळ्याच्या कोपऱ्यातून भिंतीचा पडलेला भाग दिसला, त्यातून आत आलेली म्हैस दिसली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. पहिली थबकली, तिनं नाक वर केलं, तिला पाण्याचा वास आला असावा, कारण हिरवळीच्या पलीकडे तळं होतं. ती धावत सुटली. बाकीच्या तिच्या मागे. सरळ हिरवळीवरून, सरळ त्या वाकलेल्या माणसाच्या पाठीकडे. त्याला दिसत नव्हत्या. लोकांना दिसल्या, पण लोक गप्प होते, कारण प्रेमदासचे हात वर होते. तीन दिवसांत त्यानं माणसांना हे असं शिकवून ठेवलं होतं. त्यानं ते हात तसेच म्हशींकडे वळवले, तळवे उघडे, बोटं ताठ. म्हशींनी त्या तळव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना पिवळ्या पट्टीचं काय? त्यानं एक पाऊल टाकलं, आणि मग त्याच्या पोटातून, बेंबीच्या खालून कुठून तरी, ते निघालं.

ते निघताना तो ऐकत होता. हे त्याला नंतर आठवलं की आपण ऐकत होतो. ती हाक खालून वर गेली, लांबली, आणि शेवटाला तुटली, आणि ती वडिलांची होती. त्यांच्यासारखी नव्हे, त्यांचीच. होला उडाला. पहिल्या म्हशीनं पुढचे पाय रोवले, गवताची सालपटं निघाली, मागच्या दोघी तिच्यावर आदळून थांबल्या. तिघी माना वर करून उभ्या. दोरीमागची माणसं तशीच उभी. हिरवळीवरच्या खेळाडूच्या हातातली स्टिक मात्र चालून गेली होती. हाक त्याच्या मनगटात शिरली होती. चेंडू भोकाच्या बाजूनं गेला आणि उतारावरून लांब लांब जात राहिला. मग कुणीतरी हसलं, कुणी टाळी वाजवली, कुणी शिवी दिली. प्रेमदासला यातलं काही लागलं नाही. त्याची छाती उघडी पडली होती, कवाडं काढलेल्या घरासारखी, आतून बाहेरून वारं वाहत होतं. त्याला आनंद झाला होता. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हा, लग्न झालं तेव्हाही झाला नव्हता. आणि तो आनंद अंगभर पोचतो न पोचतो तोच त्याला कळलं की हे डॉक्टर काढून घेणार आहेत. स्वरयंत्र म्हणजे हे. तीन आठवडे तो रोज तार जोडून म्हाताऱ्याला सांगत होता की यात काय एवढं ठेवलंय.

अमृतराव घाईघाईनं आले तेव्हा म्हशींना गोठेवाला घेऊन चालला होता. "हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"हाक," प्रेमदास म्हणाला. तीन दिवसांतला त्याचा हा पहिला शब्द.

"राठोड, तो माणूस पुढे होता. त्या एका फटक्यानं मागे पडला. लेखी तक्रार करतो म्हणतोय."

"म्हशी त्याच्या अंगावर गेल्या असत्या."

"कदाचित. कदाचित बाजूनं गेल्या असत्या. तुम्हाला वायरलेस दिला होता, माझ्याशी बोलायचं." अमृतरावांचा आवाज चढला नव्हता, हे त्या माणसाचं मोठेपण. "पट्टी द्या आणि घरी जा. झालं ते झालं."

प्रेमदासनं पट्टीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. एरवी राठोड शांत माणूस. वरिष्ठांनी जा म्हटलं की जाणारा. "मी जाणार नाही, सर," तो म्हणाला, आणि त्यानं आवाज खाली घेतला नाही. "मला उद्या संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय. त्या खेळाडूची मी माफी मागतो, तो म्हणेल तशी. पण जागा सोडणार नाही."

"पुन्हा तोंड उघडलंत तर?"

"पुन्हा म्हशी आल्या तर उघडीन."

अमृतरावांनी भिंतीच्या पडक्या भागाकडे बघितलं. "मी बांबू लावून घेतो," ते म्हणाले, आणि वळून चालायला लागले. पट्टी त्यांनी परत मागितली नाही.

खेळाडूची माफी त्यानं मंडपाबाहेर उभं राहून मागितली. त्या माणसानं ऐकून घेतलं, मान हलवली नाही की हात पुढे केला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं प्रेमदासला वाटलं नाही. एक फटका म्हणजे त्याच्या लेखी वर्षाची मेहनत असेल. घरी गेल्यावर निताला त्यानं सगळं सांगितलं, तोंडानं सांगितलं. ती हसायला लागली, म्हशींपाशी तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, कारण तो म्हणाला, "निता, मी बांना काय सांगत होतो गं इतके दिवस?" तिनं पदरानं डोळे पुसले. "आता काय सांगणार?" तिनं विचारलं. प्रेमदासला ते माहीत नव्हतं. काही अडत नाही असं आता म्हणता येणार नव्हतं. आणि अडतं म्हणावं तर म्हातारा म्हणेल, मग झालं तर, मीही तेच म्हणतोय. पोरानं पाहिलं, पोरगं बोललं, निकाल लागला. राहू दे गाठ.

रविवारी तो दिवसभर चौदाव्या होलवर हात वर करून उभा राहिला. लोक त्याला ओळखायला लागले होते, बोटं दाखवत होते, एका आजोबांनी तर हळूच विचारलं की पुन्हा एकदा ती हाक माराल का. त्यानं तळहात वर केला. आजोबा गप्प झाले. हात वर करण्यात आता पहिल्यासारखी मजा नव्हती. आता प्रत्येक शांततेत त्याला दिसत होतं की तिच्यात काय नाही. बाप अंगणात बसलाय, गळ्याला फडकं गुंडाळलंय, माळावर कुणाचं तरी वासरू सुटलंय, आणि बाप उभा राहतो, तोंड उघडतो, आणि फडकं नुसतं हलतं. हे चित्र त्यानं टाळलं नाही. सकाळी टाळून पाहिलं, जमलं नाही, तेव्हा दुपारी तो त्याच्यापुढे नीट उभा राहिला आणि बघत राहिला. खांदे भरून आले. घाम डोळ्यांत उतरला. खेळाडू येत होते, जात होते. आणि बघता बघता त्याला दिसलं की त्या चित्रात बाप आहे. अंगणात आहे, उभा आहे, पायात वहाणा आहेत, पागोटं डोक्यावर आहे. दुसरं जे चित्र होतं, जे गेले तीन आठवडे तो कुठल्याही परिस्थितीत बघायला तयार नव्हता, त्यात अंगण होतं, खाट होती, याडी होती, आणि वासरू सुटलं तर उठून उभं राहणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी शेवटची जोडी पुढे गेली. त्यानं हात खाली घेतले ते लाकडाचे झाले होते. पट्टी सोडून त्यानं अमृतरावांच्या हातात दिली. अमृतराव म्हणाले, "थँक यू, राठोड," आणि मग, "घरी सगळं ठीक आहे ना?" प्रेमदास म्हणाला, "बघतो, सर."

घरी येऊन त्यानं हातपाय धुतले आणि फोन लावला. कुलदीपनं उचलला. "भिया, बा आताच वावरातून येऊन राहिले," तो म्हणाला, आणि मग पावलं, खोकला, आणि तो करवतीचा आवाज. "बोल."

प्रेमदासनं म्हशींपासून सुरुवात केली. गुलाबसिंगनी गोल्फ म्हणजे काय ते विचारलं नाही. "थांबल्या का?" त्यांनी विचारलं.

"थांबल्या."

"लई दिसानं दिली असशील."

"वीस-पंचवीस वर्षं झाली, बा. मला वाटलं गेली होती."

"जात न्हाई ती," गुलाबसिंग म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते थांबले. तारेत खरखर होती.

"बा, मी म्हणत होतो आवाजावाचून काई अडत न्हाई," प्रेमदास म्हणाला. "अडते. लई अडते. तुमचं लई मोठं जाऊन राहिलंय. ते म्या आता पाहिलं."

"मंग?"

"मंग बी गळा द्या."

प्रेमदासनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. खांदे ठणकत होते. "मला तुमी पायजे, बा. बोला न बोला. माळावर उभं राहून नुस्तं बघा माझ्याकडं, चालते. पण तुमची हाक बी गेली अन तुमी बी गेले, तर मी कुणाचा हाव? याडी कुणाकडं बघंल? आवाज ठेवून माणूस जाते, असला निकाल तुमी तरी कुणाला देसाल का? सांगा. तुमच्यासमोर भांडण आलं असतं तर काय बोलले असते?"

एवढं तो बापाशी जन्मात बोलला नव्हता. तारेवर श्वास ऐकू येत होता, जड, घरघरणारा, आणि त्याला वाटलं याडीनं फोन घेतला असेल. पण तो गुलाबसिंगांचाच श्वास होता.

"आठ दिस दे मला," ते शेवटी म्हणाले. "थावराचं अन त्याच्या भावाचं विहिरीवरून लागलंय. दोन वर्सं झाली, एकमेकाच्या दारात पाय ठेवत न्हाईत. म्या निकाल लांबवत राहिलो. त्यो बोलून टाकतो. मंग काय कापायचं ते कापा."

प्रेमदासनं विचारलं, "काय निकाल देणार तुमी?"

"तुला काहून सांगू?" गुलाबसिंग म्हणाले. "तू काय पंच हाईस? चार मान्सात सांगीन. आइकायचं असंल तर ये."

"येतो," प्रेमदास म्हणाला, आणि ते एवढ्या मोठ्यानं म्हणाला की निता हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली.